अमरीश पुरी चाळिशीत सुरू झाले नव्हते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वय 34, तालुक्याच्या गावी सरकारी नोकरी, गेली दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थेकडून काम. परीक्षकांनी आवाजाचं कौतुक केलं आणि तेव्हापासून राजीनामा देऊन मुंबई गाठायचं डोक्यात आहे. घरचे नको म्हणाले की तुम्ही एकच नाव पुढे करता: "अमरीश पुरींनी चाळिशीत सुरुवात केली, मग मला काय झालं?" आणि शेवटी जाता जाता विचारलंय, तसा आवाज कमवायचा कसा.

मी गेली बरीच वर्षं नटांना आवाज आणि उच्चार शिकवतो. त्याआधी बँकेच्या काउंटरवर दिवसा नोटा मोजल्या आणि संध्याकाळी तालमी केल्या. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली नोकरी मला ओळखीची आहे आणि ते नावही. माझ्याकडे येणारा प्रत्येक पस्तिशीचा विद्यार्थी पुरींना सोबत घेऊनच येतो. नाव योग्य आहे, हिशेब चुकलेला असतो.

तो हिशेब आधी करू. पुरींचा जन्म 22 जून 1932 चा, पंजाबातल्या नवांशहरचा. कॉलेज शिमल्यात. चमन पुरी आणि मदन पुरी हे दोन्ही थोरले भाऊ आधीच मुंबईत सिनेमात होते, मदन पुरी तर खलनायक म्हणून नावारूपाला आलेले. कुंदनलाल सैगलही नात्यातलेच. म्हणजे दार बाहेरून ठोठावणाऱ्यांपैकी ते नव्हते. तरीही 1954 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी दिलेल्या स्क्रीन टेस्टमध्ये नापास झाले. हिरो व्हायला आले होते आणि तो चेहरा त्या काळाच्या हिरोचा नव्हता. मग कर्मचारी राज्य विमा महामंडळात, म्हणजे आपण ज्याला ईएसआयसी म्हणतो तिथे, नोकरीला लागले आणि दोन दशकांच्या आसपास तिथे राहिले. पत्नी ऊर्मिला त्यांना याच नोकरीत भेटल्या. 1957 मध्ये लग्न झालं.

श्याम बेनेगलांचा 'निशांत' 1975 चा. तेव्हा पुरी 43 वर्षांचे. 'हम पाँच' 1980 चा, तेव्हा 48. 'मिस्टर इंडिया' 1987 चा, तेव्हा पंचावन्नाला टेकलेले. आकडे असे ओळीने ठेवले की वाटतं, हा माणूस चाळिशीपर्यंत फायली हलवत बसला होता आणि एक दिवस कुणीतरी त्याला शोधून काढलं. तुम्हीही हेच धरून चालला आहात.

पण मधली चौदा वर्षं तुम्ही गाळलीत.

1961 च्या सुमारास पुरी इब्राहिम अल्काझींच्या संपर्कात आले. (अल्काझी जन्माने पुण्याचे, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) अल्काझी 1962 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं हाती घ्यायला दिल्लीला गेले आणि त्यांची 'थिएटर युनिट' ही संस्था सत्यदेव दुबेंच्या हाती आली. हे दुबे बिलासपूरचे, मुंबईत आले होते क्रिकेटर व्हायला. पुरींपेक्षा वयाने चार वर्षांनी लहान, आणि तरी पुरी त्यांना गुरू मानत. तिशी गाठलेला, बायको असलेला, पक्की सरकारी नोकरी असलेला माणूस आपल्याहून धाकट्या आणि जिभेला हाड नसलेल्या दिग्दर्शकासमोर रोज संध्याकाळी उभा राहतो, त्याच्याकडून उच्चारांसाठी बोलणी खातो. हे वर्षानुवर्षं चाललं. तुमच्या जागी मी असतो तर आधी एवढंच स्वतःला विचारलं असतं: माझ्यापेक्षा लहान माणसाकडून मी किती दिवस ऐकून घेईन?

दुबेंचा भर कशावर होता हे त्यांच्याकडे काम केलेली मंडळी अजून सांगतात: शब्द. वाक्याचा अर्थ कळला का, श्वास कुठे घेतलास, क्रियापद का खाल्लंस. हालचाल आणि नेपथ्य यांना त्यांच्या लेखी दुय्यम स्थान. हिंदी रंगभूमीला तेव्हा मुंबईत ना हक्काचा प्रेक्षक होता ना पैसा. धर्मवीर भारती, मोहन राकेश, बादल सरकार, गिरीश कार्नाड, विजय तेंडुलकर अशा लेखकांची नाटकं हिंदीत उभी करायची, मोजके प्रयोग करायचे आणि पुढच्या संहितेला हात घालायचा. पोट भरायला ज्याची त्याची नोकरी. ताडदेवचं वालचंद टेरेस, पुढे दादरची छबिलदास शाळा, या जागांची नावं घेतली की जुने लोक अजून हळवे होतात. मी तिथल्या घामाच्या वासाबद्दलही ऐकलंय, पण ते राहू द्या.

या काळातलं एक नाटक मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देतो. मोहन राकेशांचं 'आधे अधूरे'. दुबेंनी ते मुंबईत केलं आणि त्यात पाच पुरुषांच्या भूमिका एकट्या पुरींनी केल्या. लेखकाची अटच तशी आहे. सुरुवातीला येणारा काळ्या सुटातला माणूस, मग नवरा महेंद्रनाथ, बायकोचा साहेब सिंघानिया, जुना मित्र जगमोहन आणि शेवटी जुनेजा, हे पाच एकाच नटाने करायचे. दाढीमिशा लावून भागत नाही. एकामागोमाग एक यावं लागतं आणि समोरची बाई तीच असते. प्रेक्षकाला एकाच वेळी दोन गोष्टी दिसायला हव्यात: माणूस बदलला, आणि माणूस तोच आहे. खर्जातला दमदार आवाज ही अशा वेळी अडचण ठरते, कारण तो लपत नाही. मग नटाला आवाजाची पट्टी सोडून गतीवर काम करावं लागतं. महेंद्रनाथ वाक्य अर्धवट सोडतो. सिंघानिया भलत्याच विषयावर पाल्हाळ लावतो. जुनेजाला घाई नाही, त्याच्याकडे उत्तरं आहेत. ज्याने हे रंगमंचावर निभावलंय त्याला पुढे कॅमेऱ्यासमोर जमीनदार आणि दूधवाला वेगळे करणं कठीण का जाईल?

1979 मध्ये त्यांना रंगभूमीसाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. साल बघा. मोगॅम्बोला अजून आठ वर्षं होती, 'हम पाँच'ही यायचा होता. हिंदी सिनेमाच्या सामान्य प्रेक्षकाला हे नाव नीट ठाऊक नव्हतं, तेव्हा देशाच्या रंगभूमीने त्यांच्यावर शिक्का मारला होता. चाळिशीत सुरुवात झाली ती आपल्या ओळखीची. त्यांची सुरुवात तिशीच्या आतली.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. सिनेमा त्यांच्याकडे आला कसा?

'प्रेम पुजारी', 'रेश्मा और शेरा' अशी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची छोटी कामं सोडा. 1971 मध्ये दुबेंनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर मराठी सिनेमा केला, त्यात पुरी दिसतात. कॅमेरा कुणाचा? गोविंद निहलानींचा. 1973 मध्ये कार्नाडांनी 'काडु' हा कन्नड सिनेमा केला, त्यात पुरी आहेत. पंजाबी नट, कन्नड सिनेमा, ओळख मुंबईच्या हिंदी नाटकातली. 'निशांत'ची पटकथा तेंडुलकरांची, संवाद दुबेंचे, कॅमेरा निहलानींचा. 'मंथन' पुन्हा तेंडुलकर आणि निहलानी. 'भूमिका'च्या पटकथेवर बेनेगलांबरोबर दुबे आणि कार्नाड. मग निहलानी स्वतः दिग्दर्शक झाले आणि 'आक्रोश', 'अर्धसत्य' आले, दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची. 'गांधी'साठी इथले नट निवडायचं काम डॉली ठाकोर यांच्याकडे होतं, त्याही मुंबईच्या रंगभूमीवरच्याच.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. सात-आठ माणसं आहेत फक्त. कुणी लिहीत होतं, कुणी कॅमेरा धरत होतं, कुणी बसवत होतं, आणि हे सगळे एकमेकांना तालमीच्या जागी भेटले होते, नाव होण्याच्या आधी. पुरींना कुणी 'शोधलं' नाही. ते त्याच खोलीत होते. त्या खोलीतली माणसं एकेक करत सिनेमात गेली आणि जाताना आपल्या नटाला घेऊन गेली. आमच्या क्षेत्रात काम असंच मिळतं, अजूनही. आता मधे कास्टिंग डायरेक्टर आले आणि मोबाइलवर ऑडिशन काढून पाठवता येते, हे खरं. पण त्या कास्टिंगवाल्याला तुमचं नाव सांगणारा कुणीतरी तुमच्याबरोबर तालमीत घाम गाळलेलाच असतो.

म्हणून तुमच्या राजीनाम्याबद्दल माझा पहिला प्रश्न वयाचा किंवा पैशाचा नाही. तुमची सात-आठ माणसं कोण? गावाकडच्या तुमच्या संस्थेत लिहिणारा कुणी आहे का? शॉर्टफिल्म करणारा पोरगा आहे का? तुमच्याहून लहान आणि तुम्हाला झापू शकणारा दिग्दर्शक आहे का? असेल तर मुंबईला जायची घाई कशाला, आणि नसेल तर मुंबईत तो मिळवायलाच चार-पाच वर्षं लागणार आहेत, आणि तोवर भाडं कोण भरणार?

पुरींनी नोकरी कधी सोडली? सिनेमाची कामं हातात आल्यावर. थांबले ते भित्रे होते म्हणून नव्हे. घर चालत होतं म्हणून त्यांना कुठलंही नाटक पैशासाठी करावं लागलं नाही. ईएसआयसीने अप्रत्यक्षपणे मुंबईच्या प्रायोगिक हिंदी रंगभूमीला अनुदान दिलं, असं मी थट्टेत म्हणतो. बँकांनी मराठीला दिलं तसंच. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण तर तुमच्या जास्त उपयोगाचं आहे: कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, 1969 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले, आणि लगेच पुढच्या वर्षी 'नटसम्राट'. तेही लोक असंच सांगतात, डॉक्टर बेचाळिशीत नट झाले. त्याआधीची पुण्यातली प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनची वर्षं कुणी मोजत नाही.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. त्यांच्या काळी कचेरी ठरल्या वेळी सुटायची आणि तालमीला पोचता यायचं. तुमच्या कार्यालयात मार्चअखेर, निवडणुकीची ड्युटी आणि रात्रीपर्यंतच्या बैठका असणार. शिवाय बाहेर मानधन घेऊन काम करायचं तर सेवा नियमांनुसार परवानगी घ्यावी लागते, ती लेखी घ्या. तोंडी 'करा हो, आम्ही आहोत' यावर विसंबून एका विद्यार्थ्याने मालिकेत चार दिवस काम केलं आणि वर्षभर खुलासे लिहीत बसला.

आता कामांबद्दल, कारण तुम्ही फक्त मोगॅम्बोचं नाव लिहिलंय आणि मला तिथे थोडं खटकलं.

ज्याला या नटाकडून शिकायचंय त्याने 'भूमिका'तला विनायक काळे आधी पाहावा. सिनेमा हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर बेतलेला, स्मिता पाटील उषाच्या भूमिकेत. काळे हा श्रीमंत जमीनदार तिला घरी आणतो. घरात अंथरुणाला खिळलेली बायको, आई, मुलगा. सगळं नीटनेटकं, शांत. आणि एक दिवस उषाला जत्रेला जायचं असतं तेव्हा कळतं की या घराच्या बाईने उंबरठा ओलांडायचा नसतो. हा माणूस खलनायक आहे हे प्रेक्षकाला किती उशिरा कळतं ते मोजा. पुरी आवाज चढवत नाहीत. तो आवाज त्यांच्याकडे आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि ते तो वापरत नाहीत. म्हाताऱ्या सावकाराने कनवटीला पैसे बांधून ठेवावेत आणि बाजारभर हिंडावं, तसं. 'मंथन'मधले मिश्राजी हे त्याचंच दुसरं रूप, डेअरीचे मालक, गोड बोलून दुधाचा भाव पाडणारे.

'आक्रोश'मधले वकील दुसाने मला याहून अवघड वाटतात. सरकारी वकील, स्वतः आदिवासी समाजातून वर आलेले, आणि समोर आरोपी आदिवासी. रात्री-अपरात्री त्यांना जातीवरून शिव्या देणारे निनावी फोन येतात. फोन उचलायचा, ऐकायचं, ठेवायचा. संवाद नाहीच. दिवसा कोर्टात हाच माणूस ताठ मानेने युक्तिवाद करतो. आवाजाचा नट म्हणून तुम्ही ज्याला ओळखता त्याचं सगळ्यात चांगलं काम ऐकण्याचं आहे. माझ्या वर्गात हे फोनचे प्रसंग आवाज बंद करून दाखवतो, मानेकडे बघा म्हणतो.

आणि आता माझा लाडका मुद्दा. पुरींनी दोन मराठी पोलीस बाप केले आहेत, बरोबर दहा वर्षांच्या अंतराने. 1983 च्या 'अर्धसत्य'मध्ये अनंत वेलणकरचा बाप: पोलीस खात्यातून निवृत्त, घरात आईवर हात टाकणारा, मुलाला त्याच्या मनाविरुद्ध खाकीत ढकलणारा. ओम पुरींच्या डोळ्यांत जो राग सिनेमाभर साचत जातो, त्याचा उगम या घरात आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, त्यामुळे त्या घराचा वास अस्सल आहे. 1993 च्या 'गर्दिश'मध्ये हवालदार पुरुषोत्तम साठे: पोराने इन्स्पेक्टर व्हावं एवढं एकच स्वप्न पाहिलेला साधा माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांदेखत पोरगा गुंड म्हणून ओळखला जाऊ लागतो. पहिला बाप मुलाला मोडतो, दुसरा मुलामुळे मोडतो. खातं तेच, खाकी तीच, बापाची इच्छाही जवळपास तीच. पहिल्यात खांदे पुढे येतात, दुसऱ्यात हळूहळू आत जातात. दोन्ही सिनेमे एका रविवारी लागोपाठ पाहा आणि एक वही जवळ ठेवा. नवांशहरच्या माणसाने मराठी हवालदार करताना हेल काढून 'मराठीपणा' दाखवायचा मोह किती टाळलाय, हेही टिपा. हिंदी सिनेमातला मराठी पोलीस म्हणजे काय ध्यान असतं ते आपण सगळेच भोगतो.

मोगॅम्बोबद्दल मग काय बोलू? मजा आहे, आणि ती मजा कमवलेली आहे. सलीम-जावेद यांनी एकत्र लिहिलेला तो शेवटचा सिनेमा. तो सोनेरी झगमगीत पोशाख माधव अगस्तींनी शिवला, आपल्या विदर्भातून मुंबईत गेलेला माणूस. इतक्या भडक कपड्यांत नट बुडून जातो. पुरींनी त्यावर उपाय म्हणून हालचाल जवळपास शून्यावर आणली. सिंहासनावर बसायचं, बोटं वाजवायची, डोळे मोठे करायचे. आणि ते तीन शब्दांचं वाक्य, जे शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं अजून म्हणतात. ती पोरं ओरडतात. पुरी ओरडत नाहीत, हे परत ऐका. 'मोगॅम्बो' वर स्वतःच्या नावाची चव घेत थांबणं, 'खुश'मधला ख घशाच्या मागून घासत आणणं, आणि 'हुआ' सोडून देणं. वजन पहिल्या शब्दावर आहे. हा माणूस स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलतो, म्हणजे तो स्वतःचाच दरबारी आहे. एवढा विचार त्या तीन शब्दांमागे आहे असं मला दिसतं. कुणाला ते माझं मास्तरी खूळ वाटेल.

स्पीलबर्गच्या 1984 च्या इंडियाना जोन्स सिनेमातल्या मोला रामबद्दल मी फार बोलत नाही. त्यासाठी डोकं भादरलं आणि पुढे तेच रूप त्यांची ओळख झालं, एवढा त्याचा उपयोग. आपल्या देशाची त्यात जी काही शोभा केली आहे ती पाहून मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

आणि सगळंच सोनं होतं असंही समजू नका. चारशेहून अधिक सिनेमे. त्यात एकसारखे अड्डे, एकसारखे टोप, चित्रविचित्र नावं. 'तहलका'तला जनरल डाँग आठवून लोक हसतात, मीही हसतो, पण नट म्हणून त्यात काही नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं बरंचसं काम हे कारागिराने वेळेवर टाकलेला माल आहे. मी त्याला दोष देत नाही. वीस वर्षं पगारावर काढलेल्या माणसाला कामावर वेळेत यायची आणि आलेलं काम करायची सवय असते. पण तुम्ही शिकायला बसाल तर त्या ढिगातून निवडून शिका.

निवडीत 'घायल'चा बलवंत राय घ्या, 'सूरज का सातवाँ घोडा'मधला महेसर दलाल घ्या. 1995 नंतर बाप परत आले: 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मधले बलदेव सिंग लंडनच्या ट्रफाल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकतात, तेव्हाच सिनेमाचा अर्धा ताण उभा राहिलेला असतो. शेवटी गाडी सुटते आणि मुलीचं मनगट धरलेली पकड सैल होते, ती हाताची हालचाल पाहा, शब्द सगळ्यांना पाठ आहेत. 'घातक'मध्ये घशाच्या कर्करोगाने खंगलेला बाप आहे. म्हणजे आवाजावर ज्याची कारकीर्द उभी, त्याने तोच काढून ठेवलेला. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. 'मेरी जंग' आणि 'विरासत'लाही मिळालं. 12 जानेवारी 2005 ला मुंबईत गेले, वय 72. 'किस्ना' त्यानंतर नऊ दिवसांनी पडद्यावर आला.

आता आवाज. तसा आवाज कमवता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. खर्ज ही शरीराची देणगी आहे, स्वरतंतूंची लांबी आणि जाडी तुम्ही बदलू शकत नाही. घसा दाबून खाली जायचा प्रयत्न कराल तर सहा महिन्यांत आवाज बसेल आणि घशाच्या डॉक्टरकडे जावं लागेल. दर पावसाळ्यात असे दोन-तीन मोगॅम्बो माझ्याकडे खाकरत येतात. पुरींकडून घेण्यासारखं आहे ते वेगळं आहे आणि ते तुम्हाला जमेल.

वाक्याचा शेवट. मराठी नट वाक्याच्या शेवटी श्वास संपवतो आणि क्रियापद गिळतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे आपण नेमका अर्थच गिळतो. हिंदीचंही तसंच. पुरींचं एकही वाक्य घ्या, शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच भरलेलं असतं. हे बरगड्यांखालून घेतलेल्या श्वासाचं आणि तो राखून वापरण्याचं काम आहे.

रोज सकाळी, चहाच्या आधी नको, कोमट पाणी पिऊन, उभं राहून वीस मिनिटं. पहिली पाच नुसता 'ओ' किंवा 'म', तुमच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत, खाली न ओढता. छातीवर तळवा ठेवा, कंप जाणवला पाहिजे, घशाला काही जाणवता कामा नये. मग वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने. अग्रलेखच का, तर त्याची वाक्यं लांब असतात आणि त्यात भावना भरायची सोय नसते. एका श्वासात एक वाक्य, शेवटच्या शब्दाला आवाज पडू द्यायचा नाही. जमलं नाही तर वाक्य तोडायचं नाही, श्वास आधी जास्त घ्यायचा. त्यानंतर तोच परिच्छेद कुजबुजीत, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रत्येक व्यंजन कळेल असा. त्या माणसाच्या जागी बायको बसली तर उत्तम, ती खरं सांगेल. शेवटी शक्य असेल तर थोडं हिंदी-उर्दू: ज आणि ज़, फ आणि फ़, ख आणि ख़ यांतला फरक कानाला कळेपर्यंत तोंडाला कळत नाही, आणि हिंदीत काम करायचं तर त्यावाचून सुटका नाही.

पहिल्या दिवशीचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि सहा महिने ते ऐकू नका. दरम्यान यंदाच्या स्पर्धेचं नाटक कुठलं ठरतंय ते कळवा. दोन-तीन पात्रांचं, बोलण्यावर चालणारं असेल तर संहिता पाठवा, मी खुणा करून देतो.